सार्वजनिक शाळा आणि तिचा समाज : पार्ले टिळक विद्यालय व खांडबारा परिसर

प्रस्तावना :
शाळा समाज घडविते, हे विधान शिक्षणविषयक लेखनात वारंवार आढळते. इतिहासात मात्र याच्या उलट क्रमही दिसतो. आधी समाज संघटित होतो आणि मग तो आपली शाळा उभी करतो. मुंबईच्या विलेपार्ले उपनगरातील पार्ले टिळक विद्यालय हे या दुसऱ्या क्रमाचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या विद्यालयाचा परामर्श घेऊन नवापूर तालुक्यातील खांडबारा परिसराच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

पार्ल्याची शाळा :
१८९६ च्या प्लेगनंतर मुंबईच्या दाट वस्तीतून बाहेर पडून साष्टी बेटावर राहावयास जाण्याकडे लोकांचा कल वाढला. १९२० मध्ये ठाणे जिल्ह्यातून मुंबई उपनगर जिल्हा वेगळा करण्यात आला. पार्ल्यातील जुन्या गावठाणांशेजारी कचेऱ्यांत नोकरी करणारी मराठी कुटुंबे स्थिरावली. त्यांची मिळकत बेताची होती. परंतु सभा भरविणे, वर्गणी गोळा करणे व संस्था चालविणे या गोष्टी त्यांच्या अंगवळणी पडल्या होत्या. शाळेचे खरे भांडवल हेच होते.

१ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ पार्लेकरांनी ९ जून १९२१ रोजी शाळा सुरू केली, तेव्हा विद्यार्थी अवघे चार होते. १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल स्थापन करणाऱ्यांपैकी टिळक एक होते, हे लक्षात घेता पुतळ्यापेक्षा हे स्मारक अधिक औचित्याचे ठरते. १९२३ मध्ये त्याच पार्ल्यात लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात पार्ल्याच्या छावणीने मुंबई परिसरातील चळवळीचे केंद्र म्हणून कार्य केले. शाळा, संघ व चळवळ यांचे वातावरण एकमेकांना पोषक होते. पु. ल. देशपांडे हे याच विद्यालयाचे विद्यार्थी.

तथापि, या शाळेचे 'सार्वजनिक'पण मुख्यतः पांढरपेशा वर्गाच्या पुढाकारातून आलेले होते, हेही नमूद करणे आवश्यक आहे. ज्यांना सभा, वर्गणी व इमारत निधी यांची भाषा अवगत होती, त्यांनाच अशी शाळा उभारणे शक्य होते.

खांडबारा परिसर :
सुरत-भुसावळ लोहमार्गावरील खांडबारा येथे हा क्रम लागू पडत नाही. रेल्वे येथेही आली. परंतु रेल्वेने पार्ल्यात नोकरदार आणून वसविले, तर येथे प्रामुख्याने मालाची व मजुरांची ने-आण केली. मावची, कोकणी व भिल्ल समाजाच्या या मुलखात शिक्षणाचा पुढाकार शासन, जिल्हा परिषद व बाहेरून आलेले समाजसेवक यांना घ्यावा लागला. १९७२-७३ नंतर शासकीय आश्रमशाळांचा विस्तार झाला. येथे शाळा आधी आली व शाळेमागे उभा राहणारा शिक्षित पालकवर्ग तिच्यातूनच, पिढी-दोन पिढ्यांनी निर्माण झाला. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर असताना नंदुरबार जिल्ह्याची सुमारे ६४ टक्के होती. या तफावतीकडे पालकांची उदासीनता म्हणून पाहणे हे इतिहासाकडे डोळेझाक करण्यासारखे आहे.

भाषेचा प्रश्नही निराळा आहे. पार्ल्याच्या विद्यार्थ्याला शाळेत घरचीच मराठी भेटत असे. खांडबाऱ्याच्या मावची बोलणाऱ्या मुलाला मराठी हीच पहिली परकी भाषा ठरते, आणि परीक्षेत तो 'मराठी माध्यमाचा' म्हणूनच मोजला जातो. पुढे पार्ल्याच्या संस्थेने इंग्रजी माध्यमाची शाळाही काढली; माध्यम निवडण्याची ती मोकळीक आदिवासी पालकाला सहसा लाभली नाही.

याच जिल्ह्यात एक अपवाद मात्र आढळतो. १९९० च्या दशकात नर्मदा बचाव आंदोलनातील गावांनी अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांत नर्मदाकाठी जीवनशाळा सुरू केल्या. चिमलखेडी व निमगव्हाण येथील शाळा त्यांपैकी सुरुवातीच्या होत. येथे संघटित समाजानेच शाळा उभारली आणि मुलांच्या बोलीलाही वर्गात स्थान दिले. मात्र या शाळा प्राथमिक इयत्तांपुरत्याच आहेत. तेथून पुढे माध्यमिक शिक्षणासाठी मुलाला पुन्हा आश्रमशाळेचीच वाट धरावी लागते.