कोसंबींचा तराजू : आहत नाणी आणि संभाव्यता-वितरणाची निवड

यादृच्छिक घटनेला कोणते संभाव्यता-वितरण लावावे, हा प्रश्न सामान्यतः गणिताचा मानला जातो. भारतीय नाणकशास्त्रात मात्र तो कालनिर्णयाचा प्रश्न ठरला. दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांच्या आहत नाण्यांच्या अभ्यासाचे मोल या अंगाने लक्षात घेण्याजोगे आहे.

तक्षशिलेच्या भीर टेकाडात १९२४ साली सापडलेल्या निधीत हजाराहून अधिक आहत नाणी होती. सोबत मिळालेल्या अलेक्झांडर व फिलिप अऱ्हिडेअस यांच्या नाण्यांवरून निधी केव्हा पुरला गेला याचा अंदाज येतो. परंतु आहत नाण्यांवर राजाचे नाव नाही, वर्ष नाही, केवळ चिन्हे आहेत. त्यांचा क्रम कसा लावावा? वॉल्श यांनी १९३९ साली या नाण्यांचे वर्णन वजनांसह प्रसिद्ध केले होते. पुण्यात गणिताचे अध्यापन करणाऱ्या कोसंबींनी १९४० पासून त्या वजनांकडे संख्याशास्त्राच्या दृष्टीने पाहिले.

त्यांच्या विवेचनाचा पाया साधा आहे. टाकसाळीतून निघालेल्या नाण्यांची वजने प्रमाण वजनाभोवती थोडी कमीअधिक पसरलेली असतात. पुढे नाणे हातोहात फिरते आणि प्रत्येक व्यवहारात त्याची अतिसूक्ष्म झीज होते. अशा असंख्य स्वतंत्र, लहान घटनांची बेरीज प्रसामान्य वितरणाकडे झुकते. म्हणून एकाच वेळी पाडलेल्या नाण्यांची सरासरी कालानुसार घटत जाते आणि विचरण वाढत जाते. हा नियम पडताळण्यासाठी कोसंबींनी चलनातील आधुनिक नाणीही तोलली.

तथापि हे वितरण सरसकट लागू होत नाही. निधीत निरनिराळ्या काळची नाणी मिसळलेली असतील, तर मिळणारा आलेख अनेक वितरणांच्या मिश्रणाचा असतो. त्याची एकच सरासरी काढल्यास ती कोणत्याच काळाची ठरत नाही. जड नाणी वेचून कोणी बाजूला ठेवली असतील, तर वितरणाची सममिती बिघडते. म्हणून आधी चिन्हांनुसार वर्गवारी आणि मग गणित, हा क्रम अटळ होतो.

मागील बाजूच्या लहान चिन्हांबाबत हा विवेक अधिकच निर्णायक आहे. ही चिन्हे केव्हाही, कशीही उमटवली गेली असती, तर त्यांच्या संख्येला पॉयसाँचे वितरण लावणे योग्य झाले असते आणि एकेका नाण्याचे वय तिच्यावरून नीटसे सांगता आले नसते. कोसंबींना मात्र चिन्हांची संख्या वाढते तशी सरासरी वजनात घट आढळली. त्यावरून ही चिन्हे नियमित तपासणीची असावीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

मौर्यकालीन नाण्यांत प्रमाण वजन तेच राहूनही विचरण वाढलेले आणि तांब्याचे प्रमाण अधिक दिसते. केवळ सरासरी पाहणाऱ्यास हा फरक जाणवलाच नसता. कोसंबींनी त्यात मौर्य अर्थव्यवस्थेवरील ताणाचा पुरावा पाहिला.

या पद्धतीचे बळ जिथे आहे, तिथेच तिची मर्यादाही आहे. टाकसाळीनेच प्रमाण वजन उतरवले असेल, तर ती घट झिजेच्या खात्यावर मांडली जाईल आणि कालक्रम चुकेल. तात्पर्य, वितरणाची निवड हे घटना कशी घडली याविषयीचे ऐतिहासिक विधानच असते. ते विधान पुराव्याने तपासल्यावाचून आलेख कितीही सुबक जुळला, तरी त्याला इतिहास म्हणता येत नाही.