‘फार साधी’ कल्पना: बेंगळुरूचे नासिर अहमद

निवृत्तीनंतर मी बेंगळुरूत राहतो. इथल्या विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या एका माजी विद्यार्थ्याची आज ओळख करून घेऊ. तुमच्या फोनमधल्या फोटो-व्हिडिओंमागे त्यांचं गणित आहे.

नासिर अहमद यांचा जन्म १९४० सालचा, याच शहरातला. १९६१ मध्ये पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले आणि पुढे कॅन्सस राज्य विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९७२ मध्ये त्यांनी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे एका संशोधनासाठी अनुदान मागितलं. ते नाकारलं गेलं. कल्पना फार साधी वाटते, असा शेरा आला. अहमद थांबले नाहीत. १९७३ च्या उन्हाळ्यात बिनपगारी काम केलं. टी. नटराजन आणि के. आर. राव या सहकाऱ्यांसह जानेवारी १९७४ मध्ये निबंध छापला. जेमतेम चार पानांचा!

ही कल्पना म्हणजे ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’, म्हणजेच डीसीटी. चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन करायचे. प्रत्येक चौकोनातले ६४ आकडे ठरावीक ६४ लहरींच्या मापात लिहायचे. शेजारचे ठिपके बहुधा सारखेच असतात, त्यामुळे मोजक्याच मापांत चित्राचा बहुतेक ऐवज येतो. बारीक लहरींची मापं शून्य धरली, तरी डोळ्याला फारसा फरक कळत नाही.

याहून काटेकोर पद्धत आधीच ठाऊक होती. पण तिच्यातल्या लहरी चित्रागणिक बदलतात, म्हणून त्या प्रत्येक वेळी नव्याने काढून सोबत पाठवाव्या लागतात. डीसीटीच्या लहरी कायमच्या ठरलेल्या. फौजी भाषेत सांगायचं, तर दोन्ही टोकांच्या वायरलेस सेटपाशी सांकेतिक पुस्तक आधीच ठेवलेलं. पाठवायचे फक्त आकडे.

व्हिडिओत आणखी एक युक्ती जोडली जाते. आघाडीवरचं ठाणं रोज सगळा नकाशा पाठवत नाही, फक्त बदल कळवतं. तसंच इथे आधीच्या चित्रातला चौकोन कुठे सरकला, हे जुळवून पाहतात. उरलेला फरक तेवढा डीसीटीतून जातो.

१९८८ चं व्हिडिओ कॉलसाठीचं एच.२६१ मानक आणि १९९२ चं फोटोंसाठीचं जेपेग, दोन्ही डीसीटीवर उभी राहिली.

शेऱ्यात उणीव म्हणून नोंदलेला साधेपणा हेच तिचं बळ ठरलं. गणित साधं, म्हणूनच ते स्वस्त चिपमध्ये मावलं आणि गावोगावच्या खिशात पोचलं. तुमच्या घरातलं एखादं पोर साधीच कल्पना घेऊन आलं, तर शेरा मारण्याआधी ती करून पाहायला सांगा.

जय हिंद!