बॉस्टन सेल्टिक्स

बॉस्टन सेल्टिक्स : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मॅसॅचूसेट्स राज्याची राजधानी बॉस्टन येथील एक विख्यात व्यावसायिक बास्केटबॉल संघ. स्थापना ६ जून १९४६. ‘नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन’ (संक्षेपाने एनबीए) या संघटनेच्या वार्षिक स्पर्धेत १९५७ ते २०२४ या काळात या संघाने एकूण १८ वेळा अजिंक्यपद मिळविले. २०२४ पर्यंत अन्य कोणत्याही संघास ही संख्या गाठता आलेली नव्हती. तथापि सेल्टिक्सच्या चाहत्यांना आपल्या संघाच्या इतिहासाविषयी वाटणारा अभिमान केवळ विजेतेपदांच्या संख्येवर आधारलेला नाही. सांघिक खेळाची जोपासलेली परंपरा, पिढ्यान् पिढ्या सांगितल्या जाणाऱ्या आख्यायिका आणि वर्णभेदाच्या काळात संघाने दाखविलेली निर्भय दृष्टी ही त्या अभिमानाची तीन प्रमुख अधिष्ठाने होत. यांपैकी तिसऱ्याचा इतिहास गुंतागुंतीचा आहे. कारण ज्या गोष्टींचा बॉस्टन शहराने पुढे अभिमान बाळगला, त्या घडत असताना शहराने त्यांचे स्वागत केलेच असे नाही.

स्थापना व नामकरण : बास्केटबॉल या खेळाचा जन्म मॅसॅचूसेट्स राज्यातच, स्प्रिंगफील्ड येथे डिसेंबर १८९१ मध्ये झाला. जेम्स नेस्मिथ हा त्याचा जनक होय. असे असूनही बॉस्टनमध्ये आइस हॉकी व बेसबॉल हे खेळ अधिक लोकप्रिय होते. बॉस्टन गार्डन या क्रीडागाराचा चालक वॉल्टर ब्राउन (१९०५–६४) याने हिवाळ्यातील मोकळ्या तारखांचा उपयोग व्हावा, या व्यावहारिक हेतूने बास्केटबॉल संघ काढला. न्यूयॉर्कच्या जुन्या ‘ओरिजिनल सेल्टिक्स’ या नामांकित संघाची स्मृती आणि बॉस्टनमधील आयरिश वंशाच्या लोकांची मोठी वस्ती, या दोन्ही गोष्टी लक्षात घेऊन त्याने संघाचे नाव ठरविले. हिरवा पोशाख आणि आयरिश लोककथांतील लेप्रिकॉन या बुटक्या यक्षाचे चिन्ह यांमुळे संघ व आयरिश समाज यांचे नाते दृढ झाले. आरंभीची वर्षे मात्र पराभवाची व तोट्याची होती. ज्या ‘बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका’ या संघटनेत सेल्टिक्सचा प्रवेश झाला, तिचे १९४९ मध्ये दुसऱ्या एका संघटनेशी विलीनीकरण होऊन एनबीए अस्तित्वात आली.

आवरबाकचे पर्व : १९५० हे वर्ष संघाच्या इतिहासात निर्णायक ठरले. त्या वर्षी रेड आवरबाक (१९१७–२००६) हा प्रशिक्षक म्हणून रुजू झाला. त्याच वर्षी ब्राउनने खेळाडूंच्या वार्षिक निवडीत ड्यूकेन विद्यापीठाच्या चक कूपर (१९२६–८४) याचे नाव पुकारले. एनबीएच्या निवडीत घेतला गेलेला कूपर हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू होय. खेळाडू कृष्णवर्णीय असल्याची आठवण बैठकीत करून दिली गेली, तेव्हा त्याच्या वर्णाशी आपणास कर्तव्य नाही, अशा आशयाचे उत्तर ब्राउनने दिले. बॉब कूझी हा खेळाडूही याच वर्षी संघात आला. वुस्टर येथील होली क्रॉस महाविद्यालयात गाजलेल्या या स्थानिक खेळाडूची निवड करण्यास आवरबाकने नकार दिला होता. परंतु शिकागोचा संघ विसर्जित झाल्यावर त्याच्या तीन खेळाडूंच्या नावांच्या चिठ्ठ्या एका हॅटमध्ये टाकून तीन संघांनी त्या उचलल्या आणि बॉस्टनच्या वाट्याला कूझीच्या नावाची चिठ्ठी आली. नाकारलेल्या खेळाडूनेच पुढे संघाला कीर्ती मिळवून दिली, ही कथा चाहते आजही आवडीने सांगतात. प्रतिस्पर्ध्याकडे न पाहता पाठीमागून चेंडू देण्याच्या कौशल्यामुळे कूझी प्रसिद्धीस आला. सहकाऱ्यांना गुण मिळवून देणारे पास देण्यात सलग आठ हंगाम (१९५२-५३ ते १९५९-६०) तो एनबीएमध्ये अग्रेसर होता.

रसेल व अजिंक्यपदांची मालिका : आक्रमणात प्रबळ असलेल्या या संघाला बचावाची जोड बिल रसेल (१९३४–२०२२) याने दिली. लुइझिॲना राज्यात जन्मलेल्या व कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे वाढलेल्या रसेलने सॅन फ्रॅन्सिस्को विद्यापीठाच्या संघाला १९५५ व १९५६ मध्ये राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपद मिळवून दिले होते. सेंट लुइस हॉक्स या संघाकडून त्याला मिळविण्यासाठी आवरबाकने एड मकॉली व क्लिफ हेगन हे दोन उत्तम खेळाडू देऊ केले. मेलबर्न येथील ऑलिंपिक सामन्यांत सुवर्णपदक मिळविल्यानंतर डिसेंबर १९५६ मध्ये रसेल बॉस्टनला आला. १३ एप्रिल १९५७ रोजी हॉक्सविरुद्धच्या अंतिम मालिकेतील सातवा सामना दोन वेळा वाढविलेल्या वेळेनंतर १२५–१२३ असा जिंकून सेल्टिक्सने पहिले अजिंक्यपद मिळविले. रसेलच्या १३ हंगामांत संघ ११ वेळा विजेता ठरला. त्यांपैकी आठ विजेतेपदे (१९५९–६६) सलग होती.

रसेलचे मोठेपण गुणसंख्येत मावणारे नव्हते. प्रतिस्पर्ध्याने फेकलेला चेंडू अडविताना तो प्रेक्षकांत न भिरकावता सहकाऱ्याच्या हाती जाईल असा वळवावयाचा, बास्केटवरून उसळलेला चेंडू पकडून तत्काळ प्रतिआक्रमण सुरू करावयाचे, ही त्याची पद्धत होती. वेतन ठरविताना गुणांचा हिशेब पाहिला जाणार नाही, असे आवरबाकने त्याला आरंभीच सांगितले होते. याच धोरणातून ‘सहावा खेळाडू’ ही कल्पना रुजली. पहिल्या पाचांत नसलेला, परंतु सामन्याला कलाटणी देणारा समर्थ राखीव खेळाडू असा तिचा अर्थ. फ्रँक रॅम्झी, जॉन हॅव्हलिचेक (१९४०–२०१९) व नंतर केव्हिन मॅकहेल यांनी ही भूमिका प्रतिष्ठेची केली. २०२४ पर्यंत सेल्टिक्सचा एकही खेळाडू एनबीएच्या हंगामात गुणांच्या सरासरीत पहिला आलेला नव्हता. तरीही अजिंक्यपदे मात्र याच संघाची सर्वाधिक होती. हा विरोधाभास चाहत्यांच्या अभिमानाचा गाभा मानता येईल.

वर्णभेद आणि बॉस्टन : १७ ऑक्टोबर १९६१ रोजी केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे प्रदर्शनीय सामन्यासाठी गेलेल्या संघातील कृष्णवर्णीय खेळाडूंना हॉटेलच्या उपाहारगृहात अन्न नाकारण्यात आले. रसेलसह ते सर्व खेळाडू सामना न खेळता परतले. २६ डिसेंबर १९६४ रोजी सेंट लुइस येथे टॉम हाइन्सन जखमी असल्याने आवरबाकने रसेल, सॅम जोन्स, के. सी. जोन्स, सॅच सँडर्स व विली नॉल्स यांना मैदानात उतरविले. एनबीएमध्ये पाचही कृष्णवर्णीय खेळाडूंनी सामन्यास आरंभ करण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. संघव्यवस्थापनाने त्याचा गाजावाजा केला नाही. १९६६ मध्ये आवरबाकने प्रशिक्षकपद सोडताना रसेललाच आपला उत्तराधिकारी नेमले. त्यामुळे रसेल एनबीएमधील पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक ठरला. खेळाडू व प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत त्याने १९६८ व १९६९ ची अजिंक्यपदे जिंकली.

शहरातील वातावरण याहून वेगळे होते. जगज्जेत्या संघाच्या सामन्यांना सु. १३,९०० आसनांचे बॉस्टन गार्डन अनेकदा पूर्ण भरत नसे. बॉस्टनजवळील रेडिंग या गावी रसेलच्या घरात समाजकंटकांनी घुसून नासधूस केली, भिंतींवर वर्णद्वेषी मजकूर लिहिला व अंथरुणात विष्ठा टाकली. आपण बॉस्टनसाठी नव्हे, तर सेल्टिक्ससाठी खेळतो, अशी भूमिका रसेलने घेतली, ती या अनुभवांमुळेच. १२ मार्च १९७२ रोजी त्याचा ६ हा क्रमांक निवृत्त करण्यात आला, तेव्हा त्याच्या आग्रहावरून तो समारंभ प्रेक्षकांना आत सोडण्यापूर्वी, मोजक्या सहकाऱ्यांच्या उपस्थितीत उरकण्यात आला. दोन वर्षांनी, जून १९७४ मध्ये न्यायालयाने शाळांतील वर्णविभाजन संपविण्याचा आदेश दिल्यावर शहरात दीर्घकाळ दंगली झाल्या.

नंतरची पर्वे : रसेलनंतर हॅव्हलिचेक, डेव्ह कावेन्स व जो जो व्हाइट यांनी प्रशिक्षक हाइन्सनच्या मार्गदर्शनाखाली १९७४ व १९७६ मध्ये संघाला विजेतेपद मिळवून दिले. ४ जून १९७६ रोजी फीनिक्स सन्सविरुद्ध तीन वेळा वाढविलेल्या वेळेनंतर १२८–१२६ असा जिंकलेला सामना एनबीएच्या इतिहासातील अत्यंत रोमहर्षक सामन्यांत गणला जातो. १९७८-७९ च्या हंगामात संघाने केवळ २९ सामने जिंकले. इंडियाना राज्यातील लॅरी बर्ड (१९५६– ) पुढील हंगामात दाखल होताच ही संख्या ६१ झाली. बर्ड, मॅकहेल व रॉबर्ट पॅरिश या त्रयीने १९८१, १९८४ व १९८६ मध्ये अजिंक्यपदे मिळविली. १९८५-८६ च्या नियमित हंगामात स्वतःच्या मैदानावर संघ ४० सामने जिंकला व एकच हरला. डिसेंबर १९८० पासून १९९५ पर्यंत सलग ६६२ सामन्यांची सर्व तिकिटे विकली गेली.

रसेलच्या काळात रिकाम्या राहणाऱ्या आसनांशी या गर्दीची तुलना होणे अपरिहार्य होते. १९८५-८६ च्या १२ जणांच्या संघात आठ खेळाडू श्वेतवर्णीय होते, याकडे टीकाकारांनी बोट दाखविले. त्या टीकेत तथ्य आहे. तथापि याच संघाचा प्रशिक्षक के. सी. जोन्स हा कृष्णवर्णीय होता. एनबीएची वाढलेली लोकप्रियता, दूरचित्रवाणीचा प्रसार आणि बर्ड व लॉस अँजेल्स लेकर्सचा मॅजिक जॉन्सन यांची स्पर्धा यांचाही गर्दीत वाटा होता.

यानंतर पडता काळ आला. नव्याने निवडलेला लेन बायस निवडीनंतर दोनच दिवसांनी, १९ जून १९८६ रोजी मरण पावला. संघनायक रेजी लुइस याचे २७ जुलै १९९३ रोजी सराव करताना निधन झाले. १९९६-९७ मध्ये संघाने १५ सामने जिंकले व ६७ गमावले. पॉल पिअर्स, केव्हिन गार्नेट व रे ॲलन यांनी २००८ मध्ये लेकर्सचा पराभव करून २२ वर्षांची प्रतीक्षा संपविली. १७ जून २०२४ रोजी डॅलस मॅव्हरिक्सविरुद्ध मालिका ४–१ अशी जिंकून जेसन टेटम व जेलन ब्राउन यांच्या संघाने अठरावे अजिंक्यपद मिळविले.

प्रतीके व आख्यायिका : सेल्टिक्सची लाकडी चौकटींची जमीन जगप्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडाची टंचाई असल्याने ओक वृक्षाचे लहान तुकडे जोडून ती १९४६ मध्ये तयार करण्यात आली. टंचाईतून निघालेली ही युक्तीच पुढे वैभवाची खूण बनली. तिच्या कोणत्या भागावर चेंडू नीट उसळत नाही हे सेल्टिक्सच्या खेळाडूंना ठाऊक असते, असा प्रतिस्पर्ध्यांचा समज होता. विजय निश्चित होताच आवरबाक चिरूट पेटवीत असे. प्रतिस्पर्ध्यांना ती कृती उद्दाम वाटे, चाहत्यांना ती विजयाची द्वाही वाटे. १५ एप्रिल १९६५ रोजी फिलाडेल्फियाविरुद्ध अखेरच्या क्षणी हॅव्हलिचेकने चेंडू हिसकावून ११०–१०९ असा विजय राखला. जॉनी मोस्ट या समालोचकाने घोगऱ्या आवाजात केलेले त्या क्षणाचे वर्णन बॉस्टनमधील अनेक घरांत तोंडपाठ झाले. क्रीडागाराच्या छताला टांगलेल्या अजिंक्यपदांच्या पताका व निवृत्त क्रमांक हा जणू संघाचा लेखी इतिहासच होय. त्यांत १ हा क्रमांक ब्राउनच्या व २ हा आवरबाकच्या सन्मानार्थ आहे; म्हणजे कधीही न खेळलेल्या व्यक्तींनाही खेळाडूंच्या पंक्तीत स्थान आहे.

मूल्यमापन : शहर व रसेल यांच्यातील दुरावा कमी होण्यास बराच काळ लागला. २६ मे १९९९ रोजी बॉस्टनमध्ये त्याचा जाहीर गौरव झाला व प्रेक्षकांनी उभे राहून दीर्घकाळ टाळ्यांचा गजर केला. १ नोव्हेंबर २०१३ रोजी नगर सभागृहासमोरील चौकात त्याच्या पुतळ्याचे अनावरण झाले. स्प्रिंगफील्ड येथील बास्केटबॉल कीर्तिमंदिरात १९७५ मध्ये झालेली आपली निवड रसेलने मान्य केली नव्हती. आपल्या आधीच्या कृष्णवर्णीय खेळाडूंना तो मान प्रथम मिळावयास हवा होता, असे त्याचे म्हणणे होते. २०१९ मध्ये चक कूपरचा तेथे समावेश झाल्यावरच त्याने आपले सन्मानचिन्ह स्वीकारले. ३१ जुलै २०२२ रोजी त्याच्या निधनानंतर एनबीएने ६ हा क्रमांक सर्व संघांसाठी निवृत्त केला. हा मान त्यापूर्वी कोणत्याही खेळाडूला मिळाला नव्हता.

क्रीडासंघाचा इतिहास चाहत्यांना वारसाहक्काने मिळतो. तो घडविण्यात त्यांचा प्रत्यक्ष हात क्वचितच असतो. सेल्टिक्सच्या बाबतीत तर या वारशातील सर्वांत मोलाचा भाग शहरातील अनेकांच्या विरोधाला किंवा उदासीनतेला न जुमानता निर्माण झाला. म्हणूनच १८ पताकांबरोबर रेडिंगच्या त्या घराची आठवण ठेवणारा चाहता संघाच्या इतिहासाला अधिक न्याय देतो. ब्राउन, आवरबाक, कूपर व रसेल यांनी एका संघापुरता तरी गुणवत्तेला वर्णाच्या वर स्थान देणारा व्यवहार सिद्ध करून दाखविला, हे त्यांचे कार्य कोणत्याही अजिंक्यपदाइतकेच महत्त्वाचे आहे.