आईचा रोज

जानेवारी १९८२ मध्ये शेतकरी संघटनेचं पहिलं अधिवेशन सटाण्याला भरलं. आमच्या नांदगाव तालुक्यातली तरणी पोरं भाकरी बांधून मालेगावमार्गे गेली. बागलाण, निफाडची पोरं भेटली. दुखणं सगळ्यांचं एकच, कांद्याला भाव नाही. शरद जोशींचं म्हणणं सरळ होतं : भाव उत्पादन खर्चावर मिळावा, आणि खर्चात घरच्यांची मजुरीही धरावी. तोवर आमच्या हिशेबात बी, खत, गाडीभाडं एवढंच असायचं. पोरांनी घरी येऊन वहीत आईचा रोज मांडला. म्हातारे म्हणाले, "घरच्या कामाचा कुठं रोज असतो व्हय रे?" पण तो धरला, अन् नफ्याच्या जागी तोटा निघाला. नोव्हेंबर १९८६ ला शेजारच्या चांदवडला संघटनेचं महिला अधिवेशन भरलं, तेव्हा आईनंच भाकरी बांधल्या, स्वतःसाठी.