मांस सोडलेली बाई

हान कांग यांची ‘द व्हेजिटेरियन’ ही कादंबरी २००७ मध्ये कोरियन भाषेत आली. डेबरा स्मिथ यांच्या इंग्रजी अनुवादाला २०१६ मध्ये मॅन बुकर आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं, तर २०२४ मध्ये हान कांग यांना नोबेल. रायपुरात बसून मी ती इंग्रजीतून वाचली आणि शीर्षकापाशीच अडखळले. मराठीत काय म्हणायचं? ‘शाकाहारी’?

योंगहे ही साधी गृहिणी. एके दिवशी ती घरातलं सगळं मांस फेकून देते. कारण विचारलं तर एवढंच सांगते, की स्वप्न पडलं. पुढे जेवणाच्या बैठकीत तिचा बाप तिच्या तोंडात मांस कोंबतो आणि ती स्वतःचं मनगट कापून घेते. तिची गोष्ट नवरा, मेव्हणा आणि बहीण यांच्या बाजूनं उलगडते. तिचा स्वतःचा आवाज स्वप्नांच्या काही तुकड्यांपुरताच.

कोरियन शीर्षकातल्या शब्दाचा शब्दशः अर्थ ‘शाकाहारवादी’. म्हणजे तो पत्करलेला विचार. आपल्याकडे शाकाहारी माणूस बहुधा जन्मानं असतो. त्या शब्दाला सोवळ्याचा, वरच्या जातीच्या स्वयंपाकघराचा वास आहे. मग योंगहे मराठी वाचकाला ‘चांगली’ वाटेल, आणि तिच्या नकारातला धक्काच नाहीसा होईल.

तिचा नकार आपल्या इतिहासात शोधायचा तर तो दुसरीकडे सापडतो. १८१८ मध्ये छत्तीसगढचा कारभार रतनपूरहून रायपूरला आला. नाव नागपूरकर भोसल्यांचं, हुकूम इंग्रज अधिकाऱ्याचा. त्याच सुमारास गिरौदपुरीचे गुरू घासीदास (१७५६–१८५०) सतनामाचा उपदेश करत होते. मांस, दारू, तंबाखू सोडा, मूर्तिपूजा सोडा, माणूस सगळा एक. त्यांच्यामागे गेलेले बहुसंख्य लोक अस्पृश्य ठरवलेल्या जातीतले होते. त्यांनी मांस सोडलं, पण गावानं शिवाशिव सोडली नाही. तरीही गावोगाव जैतखाम उभे राहिले, त्यांवर पांढरी निशाणं लागली. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. तिथे प्रश्न सोवळ्याचा नव्हता, स्वाभिमानाचा होता.

महाराष्ट्रात आणखी एक शब्द आहे, माळकरी. एखाद्यानं तुळशीची माळ घातली की घरात मटण शिजलं तरी त्याच्यासाठी पिठलं वेगळं होतं. कुणी खोदून कारण विचारत नाही. माळ दिसते, तेवढं पुरतं.

योंगहेकडे ना माळ, ना गुरू, ना परिषद. सतनामींचा नकार हजारोंचा होता आणि त्याला नाव होतं. तिचा नकार एकटीचा आणि बिननावाचा, म्हणून घरच्यांना तो वेडच वाटतो. कादंबरी वाचून झोप उडते ती रक्तानं नव्हे, तर या प्रश्नानं: कारण सांगता आलं नाही तर स्वतःच्या शरीरापुरतं ‘नाही’ म्हणायचा हक्क बाईला आहे की नाही?

म्हणून मी ‘शाकाहारी’ खोडलं आणि ‘मांस सोडलेली बाई’ लिहिलं. यात नुकसान आहे. मूळ शीर्षक म्हणजे जगानं तिला चिकटवलेली चिठ्ठी. ती चिठ्ठी माझ्या शीर्षकात उरत नाही. पण ‘सोडणं’ हे आपल्याकडच्या माणसांनी किंमत मोजून केलेलं क्रियापद आहे. योंगहे त्यांच्या पंगतीत बसावी, सोवळ्याच्या नव्हे.