आमचंही सोवळं

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला तेव्हा पंधरा दिवस लेकीकडं नौपाड्यात राहिलो. तोवर तिच्या घराचा उंबरा मी चढलो नव्हतो. तिनं कोर्टात लग्न केलं होतं. मुलगा हिंदू, घर कोकणस्थांचं. मी तेव्हा आमच्या गावच्या मंडळीचा पंच. दुसऱ्यांच्या लेकरांना जो नियम लावला तोच आपल्या लेकीला, असं म्हणून मंडळीच्या वहीतून तिचं नाव मीच खोडलं. घरी येऊन कारभारणीला सांगितलं. ती बोलली काही नाही, चुलीपुढून उठून गेली. सहा वर्षं लेकीचं तोंड पाहिलं नाही.

नौपाड्यात डोळ्यांवर काळा चष्मा, वाचायला मनाई. शेत नाही, गुरं नाहीत. वेळ जाईना. विहीणबाई सत्तरीच्या. त्या म्हणाल्या, "दादा, काही वाचून दाखवू का?" आणि कपाटातून 'स्मृतिचित्रे' काढलं. मला वाटलं, हे तर आमच्या घरचं पुस्तक. नगरकडच्या ख्रिस्ती पोराला रेव्हरंड टिळकांची भजनं बापाच्या मांडीवरच पाठ होतात. पण खरं सांगायचं तर लक्ष्मीबाईंचं पुस्तक मी कधी उघडलं नव्हतं.

सुरुवातीलाच त्यांचे वडील नाना गोखले येतात. सत्तावन्नच्या धामधुमीत त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली आणि त्या धक्क्यापासून नानांच्या अंगात सोवळं शिरलं. बाजारातून आलेलं धान्यसुद्धा धुऊन घ्यायचं. घरातली सगळी माणसं त्या सोवळ्यापायी जेरीस आलेली. विहीणबाई वाचता वाचता थांबून हसायच्या, "आमची आजी थेट अशीच." मीही हसलो. आमचा आजा महारवाड्यातला. गावच्या विहिरीवर ज्याला पोहरा टाकू दिला नाही, त्याच्या नातवानं सोवळ्याला हसायला काय हरकत?

मग टिळक आले. कोकणातल्या करजगावचे, पण पहिली अक्षरं गिरवली ती इथंच पुढं कल्याणला, १८६९ ते १८७३. मोठेपणी नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या माणसानं नवा करार हातात ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा झाला. बायको हादरली. काही वर्षं दोघांची ताटातूट. लक्ष्मीबाई परत आल्या त्या सोवळं घेऊनच. नवरा ख्रिस्ती, पण यांचं पाणी वेगळं, चूल वेगळी. टिळकांनी त्यांना त्यावरून घराबाहेर काढलं नाही. पुढं एक दिवस त्यांच्या त्यांनाच उमगलं की जात देवानं केलेली नाही, माणसानं केली, आणि त्या कुणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. हा क्रम मी विहीणबाईंकडून दोनदा वाचून घेतला. आमच्याकडं क्रम उलटा असतो. आधी वही, मग माणूस.

शेवटाकडचा भाग मला ठाऊकच नव्हता. टिळक अमेरिकन मराठी मिशनचे पाळक झाले, 'ज्ञानोदय'च्या मराठी भागाचे संपादक झाले. आमच्या भागात हे मिशन १८३१ पासून. आमच्या तीन पिढ्यांच्या पाटीपेन्सिलीवर त्याचं ऋण आहे, ते मी विसरणार नाही. पण १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा झालेला आणि न झालेला, दोघांनाही जागा. ख्रिस्त गुरू मानला की पुरे. तुकोबाच्या वाटेनं ख्रिस्ताकडं आलेला माणूस, त्याला दाराशी वही घेऊन बसणं कसं जमावं? दरबार फार चालला नाही, ९ मे १९१९ ला ते मुंबईत वारले.

त्या रात्री झोप लागली नाही. एक जुना ठराव आठवत राहिला. आमच्या मंडळीतली एक विधवा हिंदू भावाच्या दहाव्याला जाऊन जेवली होती. तीन महिने प्रभुभोजन बंद. माझं अक्षर चांगलं म्हणून ठराव मी लिहिला. तिचा मुलगा बाहेर ओट्यावर बसून होता. सख्ख्या भावाच्या घरचा घास बाईनं कसा नाकारावा, हे एकाही पंचानं विचारलं नाही. कुंकू, तिळगूळ, दिवाळीची करंजी, सगळ्यावर आमचे ठराव. नाना गोखले निदान धान्य धूत होते, आम्ही माणसं धूत बसलो.

आणि हे काही आपल्या मातीतलंच दुखणं नाही. अंत्युखियात पेत्र परजातीय विश्वासणाऱ्यांच्या पंगतीला बसायचा. यरुशलेमकडची कडक माणसं आली तसा पंगतीतून उठला. पौलानं त्याला तोंडावर सुनावलं. गलतीकरांस पत्रात हे लिहिलेलं आहे. त्यावर मी स्वतः दोनदा उपदेश केला होता, आणि दोन्ही वेळा पौलाच्या बाजूनं.

रविवारी विहीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला प्रार्थनेला जायचं असेल ना?" आणि स्वतःच रिक्षात बसून मला तलावपाळीला सेंट जॉनच्या देवळात घेऊन गेल्या. पोर्तुगीज काळातलं रोमन कॅथलिक देऊळ ते, आम्ही प्रॉटेस्टंट. मूर्ती असलेल्या देवळात आमच्या बापानं कधी पाय ठेवला नाही. त्यांना हा भेद सांगायचा म्हणून मी तोंड उघडलं आणि मिटलं. मागच्या बाकावर दोघं बसलो. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला होता. घरी आलो तर लेक तांदळाची भाकरी थापत होती. ताट वाढून ती समोर बसली. मी म्हणालो, "बाई, चुकलं माझं." ती म्हणाली, "आधी जेवा, गार होईल."

गावी परतल्यावर पंचांच्या बैठकीत विषय काढला, तिचं नाव परत लिहावं म्हणून. दोघं गप्प राहिले. तिसऱ्यानं हरकत घेतली, उभं राहून, वचनांचे दाखले देऊन, नीट मुद्देसूद. तो बोलत होता ते एकेक वाक्य सहा वर्षांपूर्वी त्याच खोलीत मी बोललो होतो. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला आहे.