करारभंगाचा आरोप : यिर्मयाचा खटला आणि यरुशलेमचा पाडाव

इ.स.पू. ६०९ च्या सुमारास, यहोयाकीम राजाच्या कारकिर्दीच्या आरंभी, यिर्मया हा संदेष्टा यरुशलेमच्या मंदिराच्या अंगणात उभा राहिला. पूर्वी शिलो येथील पवित्र स्थानाची जी गत झाली तीच या मंदिराची होईल, असे त्याने जाहीर केले. याजकांनी व जमलेल्या समुदायाने त्याला तेथेच पकडून देहदंडाची मागणी केली. हिब्रू संदेष्ट्यांच्या इशाऱ्यांचा विचार बहुधा धर्मशास्त्राच्या अंगाने केला जातो. हा खटला पाहिला असता मात्र त्यांचा राजकीय आशय ध्यानात येतो.

यिर्मयाचे बोल इतके झोंबण्यास इतिहास कारणीभूत होता. उत्तरेकडील इस्राएलची राजधानी शोमरोन इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरच्या हाती पडली. पुढे इ.स.पू. ७०१ मध्ये सन्हेरीबाने यहूदाची ४६ तटबंदीची नगरे जिंकली. हिज्कीया राजाला पिंजऱ्यातील पक्ष्याप्रमाणे कोंडल्याचे त्याने आपल्या वृत्तान्तात अभिमानाने नोंदविले आहे. तथापि यरुशलेम जिंकल्याचा उल्लेख त्यात नाही. ज्या नगरीत देवाचे मंदिर आहे ती पडणारच नाही, ही श्रद्धा या सुटकेमुळे दृढ झाली. अनाथ व विधवांवर जुलूम करावा, बआलापुढे धूप जाळावा आणि पुन्हा मंदिरात येऊन निर्धास्त व्हावे, या वृत्तीवरच यिर्मयाने घाव घातला.

या अविश्वासूपणाचे स्वरूप समजण्यासाठी ‘करार’ या शब्दाकडे वळावे लागते. ‘जुना करार’ हे नाव मराठी वाचकाच्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यातील तहाचा अर्थ आपल्या लक्षातही येत नाही. अश्शूरचा सम्राट एसरहद्दोन याने इ.स.पू. ६७२ मध्ये मांडलिकांकडून आपल्या वारसाशी निष्ठेची शपथ घेवविली. या कराराच्या प्रती १९५५ मध्ये निमरूद येथे आणि २००९ मध्ये तेल तायिनात येथे सापडल्या. मांडलिकाने वारसावर स्वतःच्या प्राणाइतके प्रेम करावे, अन्यथा भूमी लोखंडासारखी होईल व तांब्याच्या आकाशातून पाऊस पडणार नाही, असे त्यात म्हटले आहे. ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या २८ व्या अध्यायातील शाप याच्याशी विलक्षण जुळतात. हे थेट अनुकरण की समान परंपरा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु सम्राटाच्या जागी येथे देव आला आहे, ही गोष्ट प्रस्तुत लेखकास अधिक महत्त्वाची वाटते. यहेज्केल तर याही पुढे जातो. सिद्कीया राजाने बाबेलच्या राजाशी घेतलेली शपथ मोडली, तो भंग देवाच्याच शपथेचा होय, असा त्याचा निर्वाळा आहे.

खटल्यात यिर्मयाच्या बाजूने देशातील काही वडीलधाऱ्यांनी एक पूर्वोदाहरण मांडले. शतकभरापूर्वी मीखानेही यरुशलेमच्या नाशाचा इशारा दिला होता. हिज्कीयाने त्याला मारले नाही, उलट तो देवाला शरण गेला आणि संकट टळले. म्हणजे इशारा खरा न ठरणे हे त्याचे अपयश नव्हते. शाफानाचा पुत्र अहीकाम पाठीशी राहिल्याने यिर्मया वाचला. अशीच वाणी उच्चारणारा उरीया मात्र मिसरात पळून गेला असता राजाने माणसे पाठवून त्याला धरून आणले व ठार केले.

बाबेलच्या सैन्याने इ.स.पू. ५९७ मध्ये नगर ताब्यात घेतले आणि ५८६ मध्ये मंदिर जाळले. इशारा खरा ठरला. पण त्यामुळे वाद मिटला नाही. मिसरात आश्रय घेतलेल्या यहूद्यांनी, विशेषतः स्त्रियांनी, यिर्मयाला तोंडावर उत्तर दिले. आकाशराणीला धूप जाळीत होतो तोवर पोटभर अन्न होते, ते बंद केल्यापासूनच तलवार व दुष्काळ वाट्याला आला, असे त्यांचे म्हणणे होते. योशीयाच्या इ.स.पू. ६२२ च्या धर्मसुधारणेकडे त्यांचा रोख असावा. नाश अविश्वासूपणामुळेच ओढवला, हे त्यांनाही मान्य होते. अविश्वासूपणा कोणाशी झाला, एवढाच प्रश्न होता.